खातं बदललंय, पैसे इकडे टाका : जळगावच्या एका दालमिलचं प्रकरण

जळगावच्या एमआयडीसीत दालमिला पुष्कळ आहेत. त्यांतली एक, दुसऱ्या पिढीच्या हातात आलेली, हा खोट्या मेलवरून झालेल्या फसवणुकीच्या या प्रकरणाचा विषय आहे. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे बारकावे काढून टाकले आहेत. माणसांचा उल्लेख कार्यालयात होतो तसाच ठेवला आहे. मालक म्हणजे भाऊ, त्यांचा मुलगा म्हणजे धाकटे भाऊ. हिशेब सांभाळणारे दिवाणजी, त्यांच्या हाताखाली टॅली आणि बँकेचं काम पाहणारी ताई, आणि फाटकाजवळच्या वजनकाट्यावर बसणारा, सगळे ज्याला आबा म्हणतात तो.

संगणकासमोर बसणारी माणसं दहा-बारा. बाकी हमाल, मशीनवाले, ड्रायव्हर. माल खानदेशातून, विदर्भ-मराठवाड्यातून येतो. कमी पडला की न्हावाशेवा बंदरातून आयातीची तूर उचलतात, बर्माची लेमन किंवा आफ्रिकेची. ती वाशीच्या एका आयातदाराकडून येते. भाऊंचा आणि त्याचा पंचवीस वर्षांचा व्यवहार. भाव फोनवर ठरतो, सौदा शब्दावर होतो, कागद मागून येतो. या धंद्यात शब्दाला किंमत आहे आणि ती असायलाच हवी. उधारीवर चालणारा बाजार एरवी एक दिवस चालायचा नाही. पुढं जे घडलं ते समजून घ्यायला ही गोष्ट आधी ध्यानात ठेवावी लागते.

नियम कुठून आला

ही मिल सायबर सुरक्षेच्या वाटेला स्वतःहून गेली नव्हती. एका किराणा साखळीला पाकीटबंद डाळ पुरवायची बोलणी सुरू झाली आणि तिकडून पुरवठादारांसाठीची प्रश्नावली आली. पासवर्डचं धोरण आहे का, बॅकअप कुठं ठेवता, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं का, बँक खात्यातला बदल कसा पडताळता. 'हो' लिहिल्याशिवाय पुढचा कागद सरकत नव्हता. मग पुण्याच्या एका सल्लागाराकडून चौदा पानी इंग्रजी धोरण आलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या, एका दुपारी प्रोजेक्टर लावून दोन तास प्रशिक्षण झालं आणि फाईल कपाटात गेली.

खानदेशातल्या लहान-मध्यम उद्योगांत नियम बहुधा असाच येतो, गिऱ्हाइकाच्या मागणीतून. बँकांचं वेगळं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकेच्या डिजिटल कामकाजाप्रमाणे चार पातळ्या ठरवणारी सविस्तर चौकट आली. तिथं विचारणारं कोणी तरी असतं. दालमिलीत, जिनिंगमध्ये, पाइपच्या कारखान्यात असं विचारायला कोणी येत नाही. सर्ट-इन या सायबर घटना पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि कंपन्यांनाही ते लागू आहे. मिलमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं. चौदा पानांत मात्र ते छापलेलं होतं.

त्याच धोरणाच्या नवव्या कलमात लिहिलं होतं की पुरवठादाराचं खातं बदललं तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या फोन नंबरवर बोलून खात्री करावी आणि दोन वेगळ्या माणसांनी मंजुरी द्यावी. कलम उत्तम होतं. त्यात एक शब्द बदलावा असं मला आजही वाटत नाही.

अखाजीचा आठवडा

अखाजी म्हणजे आपल्याकडे लेकींचा सण. दिवाणजींच्या दोन्ही मुली माहेरी आल्या होत्या, म्हणून त्यांनी रजा घेतली. जाताना नेहमीसारखा आपला बँकेचा पासवर्ड ताईला देऊन गेले. भाऊंच्या मंजुरीचं टोकन, ज्यावर ओटीपी येतो ते, कायम दिवाणजींच्या खणात असायचं, कारण भाऊ निम्मा वेळ यावलकडच्या केळीच्या बागेत. टोकनच्या मागं चिकटपट्टीखाली पासवर्डही लिहिलेला. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं मंजूर करायचं, अशी बँकेनं लावलेली पद्धत त्या आठवड्यात एकट्या ताईच्या हातात आली. तिनं ती मागितली नव्हती.

बुधवारी दुपारी वाशीच्या आयातदाराच्या नावानं मेल आला. आठवडाभर चाललेल्या पत्रव्यवहारालाच जोडून आलेला. खाली आधीची सगळी खरी पत्रं, कंटेनरचा नंबर बरोबर, टन बरोबर, भाव बरोबर. वर एवढंच होतं की ऑडिटमुळं नेहमीचं खातं काही दिवस बंद आहे, रक्कम खालच्या खात्यात टाकावी, संध्याकाळपर्यंत आली नाही तर कंटेनर सुटणार नाही आणि डिमरेज, म्हणजे बंदरातला उशिराचा आकार, तुमच्या नावे लागेल.

मागाहून कळलं ते असं. आयातदाराच्या मेलबॉक्समध्ये कोणी तरी आधीच शिरलेलं होतं आणि पत्रं वाचत बसलं होतं. योग्य वेळ येताच त्यानं हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्या पत्त्यावरून उत्तर पाठवलं. खऱ्या पत्त्यात जिथं इंग्रजी 'एम' होता तिथं 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. पडद्यावरच्या बारीक अक्षरांत हा फरक तुम्हाला-मला दिसणार नाही. ताईला दिसला नाही म्हणून तिला बोल लावणाऱ्यांनी तो मेल एकदा स्वतः पाहावा.

तरीही तिला शंका आली होती. या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. खातं बदललं की फोन करायचा, हे दोन तासांच्या प्रशिक्षणातलं तिच्या लक्षात होतं. तिनं फोन उचललाही. आणि परत ठेवला.

का ठेवला, हे कळायला एक वर्ष मागं जावं लागतं. तेव्हा दिवाणजींनी एका जुन्या व्यापाऱ्याला असाच खात्रीचा फोन केला होता. तो भडकला. 'तुमच्या शेठला माझ्यावर भरवसा राहिला नाही का?' असं म्हणून त्यानं थेट भाऊंना फोन लावला. भाऊ सगळ्यांसमोर दिवाणजींना म्हणाले, 'दिवाणजी, माणूस पाहून विचारत जा.' भाऊंच्या मनात वाईट काही नव्हतं. संबंध जपायचे होते. पण त्या एका वाक्यानं नववं कलम बदललं. कागदावर ते तसंच राहिलं आणि कार्यालयात त्याचा अर्थ असा झाला की अनोळख्याला विचारायचं, ओळखीच्याला विचारायचं नाही. वाशीचे आयातदार तर घरच्या लग्नाला येणारे. त्यांना फोन करून 'हे खातं खरंच तुमचं आहे का' असं वीस हजार पगाराच्या मुलीनं विचारायचं?

तिनं मधला मार्ग काढला. भाऊंनाच फोन केला. बागेत मोटार चालू, आवाज तुटक.

'भाऊ, वाशीवाले पेमेंट आजच मागताय. डिमरेज लागेल म्हणे.'

'मग टाकून दे. थांबू नको.'

'खातं जरा वेगळं...' एवढं ती म्हणाली आणि तिकडं भाऊ कोणाशी तरी बोलायला लागले. फोन बंद झाला.

आरटीजीएसनं अकरा लाखांच्या वर रक्कम गेली. त्या काळी पैसे फक्त खाते क्रमांकावर जायचे. नाव काहीही टाका, यंत्रणा ते जुळवून पाहत नसे. आरटीजीएस आणि एनईएफटीत पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं नंतर सांगितलं. ती सोय तेव्हा असती तर आयातदाराच्या जागी भलतंच नाव पडद्यावर आलं असतं आणि ताईचा हात थांबला असता. आज ती आहे, तरी कित्येक कार्यालयांत घाईघाईत ते नाव कोणी वाचत नाही.

एक रात्र आणि अर्धा दिवस

संध्याकाळी व्हाउचरला जोडायला मेल छापला तेव्हा कागदावर ते अक्षर वेगळं दिसलं. ताईच्या पायाखालची जमीन सरकली. तिनं ते कोणालाही सांगितलं नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही.

पैशाच्या सायबर फसवणुकीत पहिले काही तास फार मोलाचे असतात. १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की ती बँकांच्या साखळीत पुढं जाते आणि रक्कम ज्या खात्यांत पोचली असेल तिथं ती रोखता येते. पण चोर थांबत नाहीत. एका भाडोत्री खात्यातून चार, चारांतून दहा, मग एटीएम. ताईच्या गप्प राहण्यात गेलेले तास या प्रकरणातलं सगळ्यात महागडं नुकसान आहे. आणि त्याचं कारण ताई नाही.

त्याआधी दीड वर्षांपूर्वी आबाच्या वजनकाट्याच्या संगणकात पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला होता. आबानं प्रामाणिकपणे त्याच दिवशी सांगितलं. संगणक दुरुस्तीचे तीन हजार त्याच्या पगारातून कापले गेले. कोणी त्याला ओरडलं नाही, अपमान केला नाही. हिशेबाची गोष्ट म्हणून कापले. पण सबंध मिलनं त्यातून काय धडा घेतला असेल तो घेतला. सांगितलं की कापतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या विभागांत प्रमुख चांगले होते तिथं चुकांची नोंद कमी नव्हे, जास्त आढळली, कारण तिथल्या परिचारिका चूक झाली की सांगत होत्या. आपल्या कार्यालयात एकही घटना नोंदली गेली नाही असं अभिमानानं सांगणाऱ्या मालकांनी हे जरूर तपासून पाहावं.

शेवटी ताईनं पहिल्यांदा सांगितलं ते आबालाच. ज्याचे पैसे कापले गेले त्याला. तो म्हणाला, 'सांगी टाक ताई, दपाडू नको.' आणि तो स्वतः तिच्यासोबत धाकट्या भाऊंच्या केबिनमध्ये गेला. मग १९३० ला फोन, बँकेच्या शाखेत अर्ज, सायबर पोलिसांकडे तक्रार हे सगळं दोन तासांत झालं. साधारण तिसरा हिस्सा रोखला गेला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर बऱ्याच महिन्यांनी परत मिळाला. बाकीचा गेला. आयातदाराला त्याचे पैसे द्यायचे होतेच, तेही दिले.

आळस होता का?

'लोकं निष्काळजी असतात' असं या विषयावर बोलणारे फार सहज म्हणतात. मी मिलमध्ये एकेकाशी निवांत बोललो तेव्हा निष्काळजी माणूस एकही भेटला नाही. ताई घरी गॅसचं बटण दोनदा पाहून निघणारी. दिवाणजींच्या तीस वर्षांच्या रोजमेळात खाडाखोड सापडत नाही.

रोनाल्ड रॉजर्स यांनी १९७५ मध्ये मांडलेली आणि १९८३ मध्ये वाढवलेली एक उपपत्ती या क्षेत्रात खूप वापरली जाते. धोका केवढा आणि तो आपल्यावर येईल का, हे माणूस तोलतो. त्यासोबत तो हेही तोलतो की सांगितलेला उपाय चालेल का, आपल्याला जमेल का आणि त्याची किंमत काय पडेल. मिलमधल्या प्रशिक्षणात पहिला भाग भरपूर होता, काळी टोपी घातलेले हॅकर आणि कोट्यवधींचे आकडे. दुसऱ्या भागावर एक शब्द नव्हता. समोरचा माणूस चिडला तर काय बोलायचं? शेठ फोनवर घाईत असले तर पेमेंट थांबवायचा अधिकार मला आहे का? ताईला भीती होती, माहिती होती, उपाय ठाऊक होता. त्या उपायाची किंमत तिच्या खिशाला परवडणारी नव्हती, एवढंच. आइसेक अझेन यांची १९९१ ची मांडणीही तिथंच बोट ठेवते. माणसाचा स्वतःचा कल, आपल्या माणसांची अपेक्षा आणि गोष्ट आपल्या हातात असल्याची खात्री, या तिन्हींतून वागणूक ठरते. ताईचा कल चांगला होता. उरलेल्या दोन्ही गोष्टी तिच्या विरुद्ध उभ्या होत्या.

म्हणून मी या प्रकरणाकडे असं पाहतो की नियम पाळताना जो संकोच, जी नाराजी, जो उशीर सोसावा लागतो, तो कोणाच्या वाट्याला टाकलाय ते आधी शोधावं. खालच्या माणसाच्या वाट्याला टाकला असेल तर तो नियम सही पुरताच राहतो.

वजनकाट्यावर हे अगदी स्पष्ट दिसतं. धोरणाप्रमाणे प्रत्येक संगणक पाच मिनिटांनी आपोआप लॉक व्हायला हवा. काट्यावर हंगामात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागते. गाडी काट्यावर चढते, ड्रायव्हर उतरतो, वजन स्थिर व्हायला वेळ लागतो, मध्येच पावतीवरून वाद होतो, तेवढ्यात पडदा लॉक. आबाचे हात धुळीनं भरलेले, पासवर्ड दहा अक्षरी, त्यात एक मोठं अक्षर आणि एक चिन्ह. दोनदा चुकला की मागच्या गाडीचा हॉर्न. आबानं काय केलं? जुन्या तराजूचं शंभर ग्रॅमचं वजन कीबोर्डच्या एका कळीवर ठेवून दिलं, म्हणजे पडदा कधी लॉकच होत नाही. तपासायला आलेल्या सल्लागारानं हे 'गंभीर उल्लंघन' म्हणून लिहिलं. मला त्यात एका माणसाची कामाशी असलेली निष्ठा दिसली. पडदा उघडा राहण्यात धोका आहेच. वजनाचा आकडा कोणी बदलला तर लाखांचा फरक पडतो. पण त्या धोक्यावरचा उपाय धूळ, ऊन आणि रांग पाहून ठरवायला हवा होता. तो पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत ठरला.

लंडनमध्ये अँजेला सासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर फार मोलाचं काम केलंय. १९९९ मध्ये ॲन ॲडम्स यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिलं की लोक पासवर्डचे नियम मोडतात ते बऱ्याचदा नियम कामाशी जुळत नाहीत म्हणून. २००८ मध्ये बोटमेंट, सासे आणि वोनम यांनी आणखी पुढची गोष्ट मांडली. सुरक्षेसाठी त्रास सोसायची प्रत्येक माणसाची एक मर्यादा असते. ती क्षुल्लक नियमांवर खर्चून टाकली की महत्त्वाच्या नियमापर्यंत काही शिल्लक राहत नाही. महिन्याच्या हातखर्चासारखं आहे हे. पहिल्या आठवड्यात उडवला की शेवटच्या आठवड्यात औषधालाही हात आखडतो.

मिलमध्ये तो उडत होता दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलण्यावर. परिणाम असा की सगळ्यांचे पासवर्ड एकाच साच्यातले, गावाचं नाव, ॲट आणि महिन्याचा आकडा. ही सक्तीची जुनी पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेच्या २००३ च्या दस्तऐवजातून जगभर पसरली. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षी त्या संस्थेनं कारण नसताना ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. आपल्याकडच्या धोरणांत ते कलम अजून तसंच उतरवलं जातं.

नियम मोडणारा माणूस स्वतःची समजूत कशी घालतो याचाही अभ्यास आहे. साइक्स आणि मात्झा यांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारांबद्दल लिहिताना अशा समजुतींचे प्रकार सांगितले होते. सिपोनेन आणि व्हॅन्स यांनी २०१० मध्ये तेच कार्यालयातल्या सुरक्षा नियमांना लावून पाहिलं आणि शिक्षेच्या भीतीपेक्षा या समजुती वागणुकीवर जास्त प्रभाव टाकतात असं त्यांना आढळलं. मिलमध्ये मला ऐकू आलेली वाक्यं अशी: 'घरच्यासारखी माणसं, त्यांच्यापासून काय दपाडायचं?' 'सगळेच करतात.' 'आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?' 'काम अडलं असतं.' यांतली पहिली तीन खोडून काढता येतात. चौथं वाक्य खरं होतं. काम खरंच अडलं असतं, आणि अडवल्याबद्दल बोलणी खाल्ली असती ताईनं.

टॅलीचंही तसंच. सगळे एकाच 'ॲडमिन' नावानं आत जात. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे हा नियम १ एप्रिल २०२३ पासून आला. ती नोंद मिलमध्ये चालू होती, पण प्रत्येक ओळीत एकच नाव. कोणी काय बदललं हे त्यातून कळायला मार्ग नाही. आणि उद्या काही झालं तर सगळ्यांवरच संशय. वेगळं नाव हे आपल्या अंगावर नको ते येऊ नये म्हणूनचं संरक्षण आहे, असं समजावल्यावर दिवाणजींनी त्याच दिवशी स्वतःचं नाव वेगळं करून घेतलं. पहारा म्हणून सांगितलं तेव्हा याच गोष्टीला त्यांनी दोन महिने दाद दिली नव्हती.

काय बदललं

भाऊंनी पहिल्याच बैठकीत ताईला काढायचा विषय निघू दिला नाही, हे नोंदवायला हवं. ते म्हणाले की मीच टाकून दे म्हटलं होतं. मालकानं एवढं म्हटलं नसतं तर पुढचं काहीही झालं नसतं.

आबाचे तीन हजार परत दिले, सगळ्यांना कळेल असे. पुढं असं ठरलं की शंका आली किंवा चूक झाली आणि माणसानं लगेच सांगितलं तर पैशाची कापाकापी नाही. धाकट्या भाऊंचा याला विरोध होता. माणसं बेफिकीर होतील असं त्यांना वाटत होतं. आजही थोडं वाटतं. त्यांचं म्हणणं मी अगदी टाकाऊ समजत नाही, म्हणून सवलत सांगण्याला जोडली, चुकीला नाही.

टोकन भाऊंकडे गेलं. पहिले पंधरा दिवस फार ओढाताण झाली. बागेत रेंज नाही, पेमेंट अडतंय, दलालांचे फोन. तेव्हा दुसरा मंजुरीदार म्हणून धाकट्या भाऊंना बँकेत नोंदवलं आणि मंजुरीच्या दोन वेळा ठरवल्या, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच. मधल्या वेळेत कितीही घाई असो, पैसे निघत नाहीत. घाई हेच चोराचं हत्यार असल्यामुळं या दोन वेळांनी जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही सॉफ्टवेअरनं केलं नाही.

सगळ्यात परिणाम झाला तो एका साध्या पत्राचा. मिलच्या लेटरहेडवर, मराठी आणि हिंदीत, भाऊंच्या सहीनं सगळ्या व्यापारी-दलालांना पत्र गेलं. तुमचं खातं बदललं तर आमच्या कार्यालयातून तुमच्या जुन्या नंबरवर फोन येईल, त्याशिवाय रक्कम निघणार नाही, हा माझा हुकूम आहे, फोन करणाऱ्या माणसावर रागावू नये. आता विचारणं ताईचं राहिलं नाही, भाऊंचं झालं. नंबर मेलमधून घ्यायचा नाही, दिवाणजींच्या टेबलावरच्या लाल वहीतून घ्यायचा.

पत्र जाऊन दोनेक महिने झाले असतील. एका दलालानं खरोखरच खातं बदललं होतं आणि ताईनं फोन केल्यावर तो चिडला. त्यानं भाऊंना फोन लावला. भाऊ तेव्हा कार्यालयातच होते. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, 'बापू, तिनं बरोबर केलं. मी असतो तरी विचारलंच असतं. सांगून टाका तिला.' ताई, दिवाणजी, दोन शिकाऊ पोरं, सगळ्यांनी ऐकलं. 'माणूस पाहून विचारत जा' हे वाक्य त्या दिवशी मागं घेतलं गेलं. दलालाशी व्यवहार आजही चालू आहे. खरं तर त्यानंच पुढं आपल्या गाळ्यावर तसं पत्र लावलं.

काट्यावर आबाला पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाचं यंत्र देऊन पाहिलं. धुळीमुळं ठसा उमटेना. मग गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं, ते टेकवलं की पडदा उघडतो. काट्याचा संगणक इंटरनेटपासून तोडला. पेन ड्राइव्ह बंद करून आतल्या वायरीनं पावत्या कार्यालयात येऊ लागल्या. तराजूचं वजन आबानं स्वतःहून काढून ठेवलं. तीस दिवसांची सक्ती गेली आणि त्या जागी लांब, चार-पाच शब्दांचा पासवर्ड आला. बऱ्याच जणांनी तो अहिराणीतून केलाय, रोमन अक्षरांत आपल्या मनाच्या स्पेलिंगनं. लक्षात राहतो. धोरण मराठीत दोन पानांचं झालं. किराणा साखळीला हवं म्हणून चौदा पानी इंग्रजी प्रतही कपाटात आहेच.

सुटलं नाही ते असं. मजुरांचे आधार आणि बँक पासबुकाचे फोटो अजून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतात. मुकादमाला दुसरी सोपी वाट कोणी दिलेली नाही, आणि ती मिळेपर्यंत तो थांबणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा याकडे कसं पाहील याची धाकट्या भाऊंना आता काळजी वाटते, ती योग्यच आहे. दुसरं म्हणजे भाऊंच्या डिजिटल सहीचं टोकन. ते बाहेरच्या करसल्लागाराच्या कार्यालयात, इतर अनेक गिऱ्हाइकांच्या टोकनांसोबत एका डब्यात असतं. दर महिन्याच्या विवरणपत्रांच्या घाईत ते आणायला-न्यायला वेळ नाही, असं त्या कार्यालयाचं म्हणणं आहे. तेही काम अडण्याचंच कारण आहे आणि त्यातही तथ्य आहे. सध्या धाकटे भाऊ महिन्यातून ठरावीक दोन दिवस टोकन घेऊन स्वतः तिथं जाऊन बसायला तयार झालेत. करसल्लागारांनी अजून होकार दिलेला नाही.